स्लायडर फोन: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून, तसेच नोकरीनिमित्त सुरत-पुण्याकडे गेलेल्या आपल्या मंडळींकडून, जुन्या सरकत्या फोनबद्दल मला सतत विचारणा होत असते. गेली अनेक वर्षे मी असे फोन जमवतो, जमतील तितके चालते करतो आणि अमळनेर तालुक्यातील आमच्या घरी एका कपाटात सांभाळून ठेवतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येत असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

स्लायडर म्हणजे नेमका कोणता फोन?

ज्या फोनचे दोन थर एकमेकांवर बसलेले असतात आणि वरचा थर अंगठ्याने वर ढकलला की खालचा कीपॅड उघडा पडतो, तो स्लायडर. पडदा, ऐकण्याचा स्पीकर आणि बहुधा मधले चौदिशी बटण वरच्या थरात असते. अंकांचा कीपॅड, माइक, सिम आणि बॅटरी खालच्या थरात. वहीसारखा उघडणारा घडीचा फोन हा निराळा प्रकार आहे. नोकिया ८११० या १९९६ च्या फोनलाही पुष्कळ जण स्लायडर म्हणतात, परंतु त्यात पडदा जागीच राहून केवळ कीपॅडवरचे झाकण खाली सरकत असे. त्याच्या वाकड्या आकारामुळे तो जगभर ‘केळीफोन’ म्हणून ओळखला गेला, आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील माणसाला त्या नावाचे विशेष वाटते हे मी पाहिले आहे. तरी काटेकोर अर्थाने तो झाकणाचा फोन होय.

पहिले खरे स्लायडर कोणते?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेला सीमेन्स एसएल१० हा अगदी आरंभीचा. २००२ मध्ये बाजारात आलेल्या नोकिया ७६५० मध्ये सरकता कीपॅड, कॅमेरा आणि सिम्बियन ही त्या काळची स्मार्टफोनची प्रणाली एकत्र आली. पुढे सॅमसंगच्या २००४ च्या डी५०० ने हा घाट लोकप्रिय केला. एलजीच्या ‘चॉकलेट’ने, म्हणजे केजी८०० ने, २००६ मध्ये त्यात लाल उजळणारी स्पर्शाची बटणे आणली, तर नोकिया एन९५ मार्च २००७ मध्ये आला तो दोन्ही दिशांना सरकणारा: वर ढकलला की अंक, खाली ओढला की गाण्यांची बटणे आणि आडवा झालेला पडदा. पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, वाय-फाय आणि जीपीएस त्या एकाच यंत्रात होते. माझ्या मते स्लायडरचा घाट त्या फोनमध्ये पूर्णत्वाला पोहोचला.

इतके फोन आले आणि गेले. मग लोकांना आठवण स्लायडरचीच का येते?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ जण उत्तरादाखल तारुण्य, कॉलेजचे दिवस वा पहिला पगार यांकडे बोट दाखवतात. ते खरे आहेच, परंतु त्या काळातील साध्या सरळ फोनबद्दल तीच माणसे इतक्या जिव्हाळ्याने बोलत नाहीत. फरक उघडण्या-मिटण्यात आहे. फोन वाजला की अंगठा वर जायचा, ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि त्याच हालचालीने कॉल उचलला जायचा. बोलून झाले की फोन मिटायचा आणि कॉल कट व्हायचा. बोलण्याला आरंभ होता आणि शेवटही होता, आणि ते दोन्ही हाताला कळत असत. मिटलेला फोन म्हणजे आपले बोलणे झाले, आता आपण समोरच्या माणसाकडे, कामाकडे किंवा ताटाकडे वळलो, हे घरातल्या इतरांनाही दिसत असे.

सुरत-भुसावळ मार्गावरील पॅसेंजरने मी कॉलेजच्या काळात पुष्कळ प्रवास केला. संध्याकाळी नंदुरबार सुटले की डब्यात एकेकाचे फोन वाजू लागत, “निघालो, दोंडाईचा येईन आता” एवढे बोलणे होई आणि लगेच ‘टक्’ ऐकू येई. डोळे मिटून बसले तरी कोणाचे बोलणे संपले हे समजत असे. आज त्याच डब्यात बोलणे केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते ते कळत नाही, कारण फोन हातातून खाली जातच नाही. स्लायडरची आठवण काढणारे लोक याच गोष्टीला मुकले आहेत, असे मला अनेकांशी बोलून वाटू लागले आहे.

खान्देशात हे फोन केव्हा आणि कसे आले?

मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागणे बंद झाले आणि मोबाइल शेतकरी, शिक्षक, अडत्याच्या हातात दिसू लागला. पहिला फोन बहुतेकांनी साधाच घेतला. स्लायडर हा हौसेचा, दुसरा फोन होता. कापूस विकून पैसा हाती आला किंवा दिवाळीचा बोनस मिळाला की जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फेरी व्हायची. काचेच्या काउंटरवर चार-पाच स्लायडर मिटलेल्या अवस्थेत मांडलेले असत, आणि घेणारा माणूस किंमत विचारण्याआधी प्रत्येक फोन एकदा सरकवून पाही.

आमच्या भागात सर्वाधिक दिसले ते सॅमसंग ई२५०, पांढऱ्या अंगाचा आणि लाल कडांचा नोकिया ५३००, सोनी एरिक्सनचे वॉकमन मालिकेतले डब्ल्यू५८० व डब्ल्यू५९५, आणि परवडणाऱ्या दरातला नोकिया २६८० स्लाइड. एन९५ गावात एखाद्या डॉक्टरकडे किंवा व्यापाऱ्याकडेच असे. याशिवाय मोठ्या आवाजाचे, दोन सिमचे बिननावाचे स्लायडर ढिगाने विकले गेले. त्यांपैकी अनेकांना वैध आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नव्हता आणि सरकारच्या आदेशानुसार ३० नोव्हेंबर २००९ नंतर असे हँडसेट बंद करण्यात आले. कोणाच्या कपाटात त्या काळचा एखादा बिननावाचा फोन असेल आणि तो चालू होऊनही रेंज पकडत नसेल, तर हे एक कारण असू शकते.

सरकण्याची यंत्रणा नेमकी कशी चालते?

दोन थरांच्या मध्ये धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. एक वरच्या थराला आणि दुसरी खालच्या थराला पक्की केलेली असते, आणि एकीच्या कडा दुसरीच्या खाचांत, खिडकीची काच रुळावर चालावी तशा चालतात. दोहोंच्या मध्ये तारेची एक वळणदार स्प्रिंग तिरकी बसवलेली असते. फोन पूर्ण मिटलेला किंवा पूर्ण उघडा असताना तिच्यावरचा ताण सर्वांत कमी असतो आणि अर्ध्यावर असताना सर्वांत जास्त. म्हणून पहिला निम्मा रस्ता अंगठ्याला ढकलावे लागते, आणि मध्य ओलांडला की स्प्रिंग मोकळी होण्याच्या ओढीने वरचा थर स्वतःच पुढे फेकते. तो ‘टक्’ आवाज म्हणजे थर शेवटच्या अडणीवर आदळल्याचा आवाज आहे.

चांगल्या आणि हलक्या स्लायडरमधला फरक येथेच कळतो. चांगल्या फोनमध्ये पडदा सरकताना डावी-उजवीकडे डुलत नाही आणि मध्यबिंदू नेमका जाणवतो. हलक्या फोनमध्ये दोन-तीन महिन्यांत पट्ट्यांत फट पडून फोन खिशात आपोआप अर्धा उघडू लागतो. नोकिया ८८०० सारखा पोलादी अंगाचा फोन ज्याने एकदा सरकवून पाहिला आहे, त्याला हे अधिक सांगावे लागणार नाही.

फोन उघडला की पडदा पांढरा होतो आणि मिटला की दिसतो. हे काय आहे?

हा स्लायडरचा ठरलेला आजार आहे, आणि दहापैकी निम्म्याहून अधिक चौकशा याच्याच असतात. पडदा वरच्या थरात आणि मुख्य बोर्ड बहुधा खालच्या थरात असल्याने दोहोंना जोडणारी एक लवचीक पट्टी लागते. दुकानदार तिला ‘फ्लेक्स’ किंवा नुसते ‘स्ट्रिप’ म्हणतात. तपकिरी प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर केसाहून बारीक तांब्याच्या रेषा असतात, आणि फोन प्रत्येक वेळी सरकला की ही पट्टी इंग्रजी ‘यू’ सारखी वळते व ते वळण पट्टीवरून पुढे-मागे सरकते. दिवसातून पन्नास वेळा उघडमीट धरली तर वर्षाला अठरा हजारांहून अधिक वळणे होतात. तार वारंवार वाकवली की तुटते, तशीच यातली एखादी रेषा कधी ना कधी तडकते.

प्रथम ठरावीक जागी सरकल्यावरच पडदा जातो, नंतर ऐकू येणे बंद होते किंवा मधले बटण चालेनासे होते, आणि शेवटी काहीच दिसत नाही. पडदा खराब झाला असे समजून पुष्कळ जण फोन टाकून देतात, वास्तविक पडदा शाबूत असतो. त्याच मॉडेलची फ्लेक्स मिळाली तर ती बदलता येते. मात्र जोडणी उलगडताना घाई केल्यास सॉकेटच तुटते, म्हणून जुन्या फोनवर हात बसलेल्या कारागिराकडेच द्यावा. नव्या दुकानांतील मुलांनी असे फोन कधी उघडलेले नसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

आपल्याकडच्या धुळीने आणि उन्हाने काय परिणाम होतो?

बराच होतो. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती पट्टीच्या खाचेत सहज शिरते. कपाशीच्या हंगामात तिच्यासोबत कापसाचे तंतूही जातात. आईचा २६८० मी पहिल्यांदा उघडला तेव्हा डाव्या खाचेत करड्या रंगाची एक वात वळलेली होती, निरांजनात ठेवावी तशी, आणि ती चिमट्याने ओढून काढल्याबरोबर अडखळणारा फोन पूर्वीसारखा सरकू लागला. मऊ कोरडा ब्रश आणि धीर एवढेच येथे लागते. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल कृपा करून सोडू नये. त्यात धूळ चिकटून चिखल होतो आणि तेल फ्लेक्सपर्यंत झिरपते.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीतील कपाटात ठेवलेल्या फोनची बॅटरी त्या उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि पडद्याभोवतीचा चिकटपट्टा सुटतो. घरातील सर्वांत थंड भिंतीलगतचे, जमिनीजवळचे कपाट त्यासाठी निवडावे.

बॅटरी फुगली आहे. वापरली तर चालेल का?

नाही. ती लगेच बाहेर काढावी, टोचू नये, दाबू नये आणि उकिरड्यावर टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी. फोन नुसता जपायचा असेल तर चांगली बॅटरीही वेगळी काढून, साधारण निम्मी चार्ज असताना ठेवावी आणि चार-सहा महिन्यांनी तपासावी.

हे फोन आज चालतात का? कोणते सिम लागेल?

जीएसएम पद्धतीचा फोन असेल आणि तुमच्या गावात तुमच्या कंपनीचे २जी जाळे सुरू असेल, तर बोलणे आणि एसएमएस आजही चालतात. जिओचे जाळे सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाले ते थेट ४जीवर, त्यामुळे जिओचे सिम या फोनमध्ये उपयोगी नाही. सीडीएमए या जीएसएमहून निराळ्या पद्धतीचे जुने हँडसेट आता भारतात शोभेचेच उरले आहेत. आजचे नॅनो सिम बसवण्यासाठी प्लॅस्टिकची चौकट लागते. ती नीट न बसवल्यास काढताना सिमच्या खाचेतील पिना वाकतात, म्हणून सिम आणि चौकट सपाट जुळली आहेत याची खात्री करूनच आत सरकवावे.

व्हॉट्सअ‍ॅप चालेल का?

चालणार नाही. सिम्बियनच्या फोनवरील व्हॉट्सअ‍ॅप २०१७ मध्येच बंद झाले. जुन्या ब्राउझरमध्ये आजची बहुतेक संकेतस्थळेही उघडत नाहीत.

त्या फोनवर मराठीत संदेश लिहिता येत होते का?

भारतात विकल्या गेलेल्या अनेक नोकिया फोनमध्ये देवनागरी होती आणि कीपॅडवर अक्षरेही छापलेली असत. तरीही लोक रोमन लिपीतच मराठी लिहीत, आणि त्यामागे सवयीइतकेच हिशेबाचे कारण होते. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, पण देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि तीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सर्व वेगवेगळे मोजले जातात. देवनागरीत चार ओळी लिहिल्या तर दोन-तीन संदेशांचे पैसे कापले जात. सणाच्या दिवशी तर संदेशांच्या योजनाही लागू नसत. अहिराणीतील निरोप मात्र मुळातच लहान असत. “जेवना का?” एवढे दोन शब्द आईकडून रोज रात्री नऊच्या सुमारास येत, आणि उत्तरादाखल मी ‘हो’ लिहिले की तिचा दिवस संपत असे.

जुन्या फोनमधील संदेश, फोटो आणि नंबर कसे वाचवावेत?

या उत्तराकडे विशेष लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुरुस्तीला देण्यापूर्वी जे दिसते ते आधी वाचवावे. संदेश वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग अगदी साधा आहे: फोन टेबलावर ठेवून एकेक संदेश उघडावा आणि दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढावा. तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने काढावा. नंबर सिमवर उतरवता येतात किंवा ब्लूटूथने एकेक करून पाठवता येतात. फोटो मेमरी कार्डावर असतील तर कार्ड रीडर पुरतो. फोनच्या आतील मेमरीत असतील तर आधी ते कार्डावर हलवावेत. सोनी एरिक्सनच्या अनेक फोनना निराळ्या आकाराचे एम२ कार्ड लागते, हे ध्यानात ठेवावे. केजी८०० मध्ये कार्डाची सोयच नव्हती, तेथे ब्लूटूथ किंवा केबल हाच उपाय. नोकियासाठी जुन्या संगणकावरील पीसी सूट हे फोन संगणकाला जोडण्याचे सॉफ्टवेअर अजूनही कामास येते.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. आई गेल्यानंतर तिचे संदेश असलेला माझा स्वतःचा स्लायडर सुरू होताना मधेच अडकू लागला, म्हणून मी तो शहरातील एका दुकानात दिला. “सॉफ्टवेअर मारून देतो, तासाभरात या,” असे सांगण्यात आले. सॉफ्टवेअर मारणे म्हणजे फोनची मूळ प्रणाली नव्याने भरणे, आणि त्यात आतील मेमरी पुसली जाते, हे मला त्या वेळी माहीत नव्हते आणि मला कोणी विचारलेही नाही. तासाभराने फोन व्यवस्थित सुरू झालेला मिळाला. इनबॉक्स उघडला तर तो रिकामा होता. तीन वर्षांचे, रोज रात्री नऊचे ते दोन शब्द गेले ते गेलेच.

म्हणून दुकानात देताना तोंडी सांगण्यावर भागवू नये. “डेटा जाता कामा नये, सॉफ्टवेअर मारायचे असेल तर आधी फोन करा,” असे कागदावर लिहून तो कागद फोनला चिकटवावा.

जुना स्लायडर विकत घेताना काय पाहावे?

प्रथम फोन बंद असताना वीस वेळा सरकवावा. स्प्रिंग दोन्ही टोकांना सारखी ओढते का आणि पडदा डुलतो का ते कळते. मग चालू करून अगदी सावकाश, इंचाचा दहावा भाग असा सरकवत न्यावा आणि पडद्यावर रेघ किंवा लुकलुक येते का ते पाहावे, कारण फ्लेक्सचा दोष झटक्यात सरकवल्यावर लपतो. कोणाला तरी कॉल करून फोन उघडा आणि मिटलेला अशा दोन्ही स्थितींत ऐकू येते का हे तपासावे. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की आयएमईआय दिसतो. तो मागील लेबलवरील क्रमांकाशी जुळला पाहिजे, आणि सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो काळ्या यादीत नाही याची खात्री करावी. नवे कव्हर चढवून चकचकीत केलेल्या फोनपेक्षा कडा झिजलेला, मूळ अंगाचा फोन मी केव्हाही पसंत करतो.

इतके आवडते फोन मग संपले कसे?

जून २००७ मध्ये आयफोन आला, ऑगस्ट २००८ मध्ये तो भारतात पोहोचला, आणि पडदा हाच कीपॅड होऊ शकतो हे लोकांनी पाहिले. स्लायडरमध्ये दोन थर असल्याने जाडी कमी करण्याला मर्यादा होती आणि हलणारा प्रत्येक भाग म्हणजे जास्तीचा खर्च व जास्तीची तक्रार. तरी बदल एका रात्रीत झाला नाही. २००८ मधला पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, हा आडवा सरकणारा स्लायडरच होता. आपल्याकडे २०११ मध्ये आलेल्या नोकिया सी२-०३ मध्ये टचस्क्रीन, सरकता कीपॅड आणि दोन सिम एकत्र होती. जुनी सवय न सोडता नव्याकडे जाऊ पाहणाऱ्या घरांत तो दिसत असे. २०१८ मध्ये शाओमी मी मिक्स ३ सारखे काही फोन पुन्हा सरकू लागले, परंतु ते कॅमेरा लपवण्यासाठी. त्यांच्याखाली कीपॅड नव्हता.

घरातील लहान मुलांना हा फोन हाताळायला द्यावा का?

अवश्य द्यावा, फक्त बॅटरी आणि सिम काढून. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की भाची आधी माझे कपाट उघडायला लावते आणि आईचा २६८० मागून घेते. तिला फोन लावायचा नसतो. ती ओट्यावर बसून तो नुसता उघडते आणि मिटते. सुरुवातीला ती पडद्यावर मधोमध बोट दाबून सरकवू पाहत असे, त्याने खालच्या काचेवर भार येतो. पडद्याच्या खालच्या कडेला अंगठा टेकवून वर ढकलायचे, हे तिला एकदा दाखवले, आणि आता ती ते इतरांना दाखवते.